नळ चावतो तेव्हा
गिझर घेण्याआधी जमिनीचा विचार करा

२०२१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर सरकले आणि त्यानंतर काही दिवसांनी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावच्या घरी वीज परत आली. आमच्या अम्माला गुडघेदुखीमुळे बारा महिने गरम पाणी लागते. पहाटे वजूसाठी ती न्हाणीत गेली आणि लगेच बाहेर येऊन म्हणाली, "नळ चावतोय रे!"

आम्ही हसण्यावारी नेले. मग स्वतः जाऊन नळाला बोट लावले, तेव्हा कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मेन स्विच पाडला आणि उजाडल्यावर वायरमनला बोलावले. त्याने बोर्ड उघडून आम्हाला एक हिरवी तार दाखवली. ही तार जमिनीकडे जायला हवी होती. ती बोर्डातच वळवून न्यूट्रलला बांधून टाकलेली होती.

"चाचा, तुमच्या घराला अर्थिंगच नाही," तो म्हणाला. "वादळात खांबाकडून येणाऱ्या न्यूट्रलचा जोड सैल झालाय. करंटला परत जायला रस्ता मिळत नाही. म्हणून तो या हिरव्या तारेवरून गिझरच्या पत्र्यात आणि तिथून भिंतीतल्या लोखंडी पाइपाने नळात उतरलाय."

अम्माच्या पायात रबरी सपाता होत्या. अनवाणी असती तर काय झाले असते, हा विचार आजही झोप उडवतो. हे घर बांधताना फरशी निवडण्यासाठी आम्ही तीन वेळा कोल्हापूरला गेलो होतो. न्हाण्या दोन, गिझर दोन, नळ चकचकीत. पण अर्थिंगसाठी अंगणात कुणी एक कुदळही मारली नव्हती आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. दोष आमचाच होता.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण सरळ आहे. गिझर ही दुकानात विकली जाणारी वस्तू आहे. ती विकणारा, बसवणारा आणि घेणारा, या तिघांपैकी एकानेही अर्थिंगचा प्रश्न काढला नाही तर चौथा माणूस, म्हणजे घरातली आई, बायको किंवा मूल, त्याची किंमत मोजतो.

बंब गेला, गिझर आला

आपल्या कोकणातल्या घरांत पूर्वी न्हाणीशेजारी तांब्याचा बंब किंवा चुलीवरचा हंडा असे. खाली नारळाची सोडणे, करवंट्या आणि झावळ्या जळत. त्या व्यवस्थेत धूर होता, राख होती, पण विजेचा धोका नव्हता. पुढे मुंबईच्या आणि आखाताच्या कमाईतून चिऱ्याची जुनी घरे जाऊन स्लॅबची घरे उभी राहिली. राजिवडा, मिरकरवाडा, साखरतर, फणसोप, पावस, कुठेही जा, नव्या घरात प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणी आणि प्रत्येक न्हाणीत गिझर दिसतो.

गिझरच्या टाकीत एक कांडी असते. तांब्याच्या किंवा तशाच धातूच्या नळीत तापणारी तार बसवलेली असते आणि दोहोंच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता बाहेर सोडते, वीज सोडत नाही. पण कांडीवर क्षार साचतात, धातू झिजतो, किनाऱ्यालगतच्या खाऱ्या विहिरीचे पाणी असेल तर अधिकच लवकर झिजतो. एके दिवशी नळीला केसाएवढी चीर पडते, ओल आत शिरते आणि वीज पाण्यात व टाकीच्या पत्र्यात उतरते. हे कोणत्याही कंपनीच्या गिझरमध्ये होऊ शकते. चांगल्या मालात उशिरा होईल, हलक्या मालात लवकर. म्हणून कांडी कधीतरी फुटणारच असे धरूनच घराची रचना करायची असते.

हिरव्या तारेचे काम

तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते. प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. या पिनेतून जाणारी हिरवी तार गिझरच्या पत्र्याला जमिनीशी जोडते. कांडी फुटून वीज पत्र्यावर आली तर माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी तिने या तारेतून जमिनीत जावे आणि तो मोठा प्रवाह पाहून फ्यूज उडावा किंवा एम.सी.बी. पडावा, अशी ही योजना आहे.

योजना उत्तम आहे. मात्र तिच्यात एक अट दडलेली आहे. जमिनीने तो प्रवाह सहज वाहू दिला पाहिजे. आणि इथेच आपल्या जांभ्याची गाठ पडते.

जांभ्याची अडचण

काळ्या, ओल्या, चिकण जमिनीत वीज सहज पसरते. कोरड्या खडकात ती अडते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्याचा कातळ सच्छिद्र. पाणी झिरपून जाते आणि मार्च ते मे या काळात सडा भाजून निघतो. विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा घराचे अर्थिंगही कोरडे पडलेले असते, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आपण व्यापारी माणसे, म्हणून हिशेबच मांडू. समजा, नियमाप्रमाणे अडीच मीटर लांबीची, ३८ ते ४० मिलिमीटर व्यासाची गॅल्व्हनाइज्ड नळी जमिनीत उभी पुरली. जमीन बऱ्यापैकी ओलसर, म्हणजे तिचा विशिष्ट रोध १०० ओहम-मीटर असेल, तर त्या नळीचा जमिनीशी रोध सुमारे ३५ ओहम येतो. गिझरची कांडी फुटली तर २३० व्होल्टला ३५ ने भागा. साडेसहा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. पण गिझरच्या लाइनवर एम.सी.बी. असतो १६ अँपिअरचा! तो तत्काळ पडण्यासाठी त्याच्या प्रकारानुसार ४८ पासून १६० अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. साडेसहा अँपिअरला तो नेहमीचाच भार समजेल आणि जागचा हलणार नाही. गिझरचा पत्रा मात्र जिवंत राहील.

हा हिशेब चांगल्या जमिनीचा झाला. कोरड्या खडकाळ जमिनीत तोच विशिष्ट रोध हजारावर जातो. मग त्याच नळीचा रोध सुमारे ३५० ओहम होतो आणि प्रवाह जेमतेम पाऊण अँपिअरच्या आत राहतो. एम.सी.बी.ला तर तो कळणारही नाही. तेवढ्यावर तो पाडायचा म्हटले तर जमिनीचा रोध तीन ओहमच्या आत आणावा लागेल. एकट्या घराच्या नळीने हे कातळावर साधणे जवळजवळ अशक्य.

आता माणसाच्या अंगाचा हिशेब पाहा. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धरतात. २३० व्होल्टवर अंगातून जाणारा प्रवाह येतो सुमारे २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहून कमी. पण १० मिलिअँपिअरच्या आसपासच हाताची मूठ सुटेनाशी होते आणि ३० च्या पुढचा प्रवाह काही क्षण छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. ज्या प्रवाहाने माणूस दगावतो तो एम.सी.बी.च्या लेखी शून्य आहे. कारण एम.सी.बी. आहे तो तारा जळू नयेत म्हणून. माणसाच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर कुणी टाकलेलीच नाही.

"आमच्याकडे सगळे एम.सी.बी. नवे आहेत, काळजी नाही," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी हा हिशेब मुद्दाम सविस्तर दिला आहे.

रोकडमेळ जुळला नाही तर दुकान बंद

यावर उपाय आहे आणि तो बाजारात सहज मिळतो. त्याचे नाव आर.सी.सी.बी. जुने वायरमन त्याला अजून ई.एल.सी.बी. म्हणतात. त्याचे काम दुकानाच्या रोकडमेळासारखे आहे. फेजने जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. दोन्ही तारा त्याच्या पोटातल्या एका कड्यातून जातात. जावक आणि आवक सारखी असेल तर कडे शांत राहते. वाटेत कुठेही, पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून, प्रवाह जमिनीत गळाला की मेळ चुकतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा तुटतो. घरासाठी हा फरक ३० मिलिअँपिअरचा ठरवलेला आहे.

आता मघाचा हिशेब पुन्हा करा. कातळावरचे आपले कमकुवत अर्थिंग, रोध ३५० ओहम. कांडी फुटल्यावर गळणारा प्रवाह सुमारे ६५० मिलिअँपिअर. आर.सी.सी.बी.ला हवेत फक्त ३०. म्हणजे तो वीसपट कारण मिळून पडेल. आणि गळती हळूहळू वाढत गेली तरी ती ३० मिलिअँपिअरला पोहोचेपर्यंत गिझरच्या पत्र्यावर फार तर दहा-साडेदहा व्होल्ट चढतील. तेवढ्याने जीव जात नाही. जांभ्यावरच्या घराला वाचवणारी जोडी हीच : साधे पण खरे अर्थिंग आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी.

मग नुसता आर.सी.सी.बी. बसवून अर्थिंग टाळले तर? टाळू नये. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर आलेली वीज तशीच दबा धरून बसते. पहिला माणूस हात लावतो, झटका खातो आणि मग यंत्र पडते. अर्थिंग असेल तर कांडी फुटताच गळती जमिनीकडे वाहते आणि कुणी हात लावण्याआधीच वीज जाते. पहिल्या व्यवस्थेत माणूस म्हणजे तपासणीचे साधन, दुसऱ्या व्यवस्थेत तो नुसता तक्रार करतो की गिझर चालत नाही. फरक एवढा मोठा आहे.

या यंत्रालाही मर्यादा आहेत. कोरड्या लाकडी पाटावर उभे राहून एखाद्याने एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर त्याला तो वाचवू शकत नाही, कारण मेळ जुळलेलाच असतो. जादा भारापासूनही तो रक्षण करत नाही, म्हणून एम.सी.बी. हवाच. त्याच्यावर टेस्टचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे आणि वीज जाते की नाही ते पाहावे. मात्र त्या बटणाने यंत्र तपासले जाते, जमिनीतले अर्थिंग तपासले जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

काही घरांत आर.सी.सी.बी. बसवल्यावर तो वारंवार पडतो. मालक वैतागतो आणि वायरमन त्याला बगल देऊन तारा थेट जोडून देतो. असे करणे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याला मारून टाकणे आणि चोर तसाच घरात ठेवणे. पडण्याचे कारण बहुधा दोनपैकी एक असते. कुठेतरी खरीच गळती असते, किंवा एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याला उसना दिलेला असतो. दोन्ही शोधून काढता येतात.

न्यूट्रलशी सोयरीक नको

आमच्या घरी जे झाले ते कोकणात अपवादाने होते असे नाही. कातळ खोदण्याचा कंटाळा, मजुरीचा खर्च आणि घाई यांमुळे प्लगमधल्या अर्थच्या पिनेची तार न्यूट्रललाच जोडून देण्याची पद्धत पडली आहे. टेस्टरला दिवा लागत नाही, झटका बसत नाही, सगळे ठीक वाटते. पण ओव्हरहेड तारांच्या प्रदेशात न्यूट्रल तुटणे नवे नाही. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आणि पुढच्या वर्षीचे तौक्ते आपण पाहिलेच, आणि झाडाची फांदी तर दर पावसाळ्यात पडते. न्यूट्रल तुटला की घरातला चालू पंखा, फ्रिज, बल्ब यांतून आलेली वीज त्या बांधलेल्या तारेने थेट गिझरच्या अंगावर येते. दुरुस्तीत फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली तर मग पूर्ण २३० व्होल्ट नळात. म्हणून घरातल्या बोर्डात किंवा प्लगमध्ये अर्थ आणि न्यूट्रल यांची गाठ कधीही बांधू देऊ नये.

दुसरी एक जुनी खोड म्हणजे अर्थची तार पाण्याच्या पाइपाला बांधणे. पूर्वी पाइप लोखंडी होते आणि लांबवर जमिनीत जात, त्यामुळे ते कसेबसे चालून जाई. आता अंगणात प्लास्टिकचा पाइप आला की मागची सगळी लोखंडी नळयोजना अधांतरी राहते. मालकाने पाइप बदलला, अर्थिंग कधी गेले ते त्याला कळलेही नाही, अशी कितीतरी घरे असतील.

दोन होड्या एकत्र बांधणे

आता बाँडिंगचे. युरोपातल्या थंड देशांत घर तापवण्यासाठी बॉयलर असतो, त्याचे धातूचे पाइप घरभर फिरतात. तिथे हे सगळे पाइप एकमेकांना आणि अर्थला तारेने जोडण्यावर फार भर दिला गेला. आपल्याकडे अर्थिंगबद्दल थोडेफार बोलले जाते, बाँडिंगचा उच्चारही होत नाही.

मिरकरवाड्याच्या जेटीवर पाहा. एका होडीतून दुसऱ्या होडीत जाताना दोन्ही होड्या दोराने घट्ट बांधलेल्या असतील तर लाटेवर त्या एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात आणि माणसाचा पाय घसरत नाही. सुट्या असतील तर एक वर, एक खाली आणि माणूस पाण्यात. विजेचेही तसेच आहे. झटका बसतो तो दोन ठिकाणच्या दाबातल्या फरकामुळे. एक हात गिझरच्या नळावर, दुसरा टॉवेलच्या लोखंडी दांडीवर किंवा खिडकीच्या गजावर, आणि दोन्हींत फरक असेल तर छातीतून प्रवाह जातो. न्हाणीतले धातूचे पाइप आणि बाहेरून आत येणारा प्रत्येक धातू तांब्याच्या ४ चौरस मिलिमीटरच्या तारेने एकमेकांना आणि अर्थला जोडला की दोन्ही हातांखाली एकच पातळी राहते.

यात डोळसपणा हवा. संपूर्ण नळयोजना प्लास्टिकची असेल तर तिच्या टोकाला बसवलेल्या सुट्या पितळी नळाला तार बांधण्याची गरज नसते. ब्रिटनमध्ये २००८ सालच्या वायरिंग नियमांच्या १७व्या आवृत्तीने तर असे ठरवले, की न्हाणीतल्या सर्व सर्किटांवर ३० मिलिअँपिअरचे यंत्र असेल, घरात येणारे धातूचे पाइप मुख्य अर्थला नीट जोडलेले असतील आणि बाकीच्या अटी पाळल्या असतील, तर न्हाणीतले हे जादा बाँडिंग वगळता येईल. आपल्याकडची जुनी लोखंडी नळयोजना, मधेच जोडलेले प्लास्टिक आणि गच्चीवरच्या सोलरचे धातूचे पाइप असा मिश्र कारभार पाहता, ही तार ओढून घेणे शहाणपणाचे. सोलरच्या टाकीत पावसाळ्यासाठी विजेची कांडी बसवलेली असते. तिलाही गिझरचेच सगळे नियम लागू आहेत.

कातळात खड्डा कसा करावा

अर्थिंगचे भारतीय मानक म्हणजे आय.एस. ३०४३. ते प्रथम १९६६ साली आले, १९८७ आणि २०१८ साली सुधारले गेले. त्यातला गाभा आणि आपल्या जमिनीचा अनुभव एकत्र करून काही गोष्टी सांगता येतील.

जागा निवडताना घराची सर्वांत ओली बाजू पाहावी. न्हाणीचे पाणी जिथे माडाला किंवा केळीला जाते ती जागा मेमध्येही ओलसर राहते. नळी अडीच मीटर जाणे आवश्यक आहे. हात-दीड हात खोल खणून उरलेली नळी कापून टाकण्याचा प्रकार सर्रास चालतो, म्हणून खड्डा बुजवण्याआधी मालकाने स्वतः पाहावे. बोअर मारणारी गाडी घरी आलेलीच असेल तर अर्थिंगचे भोक तिच्याकडूनच पाडून घेणे सोयीचे.

खाली कातळ लागलाच तर हट्ट न करता आडवे जावे. मातीचा थर असेल तिथे किमान अर्धा मीटर खोल चर खणून पंधरा मीटरच्या आसपास लांबीची गॅल्व्हनाइज्ड पट्टी पुरली तर कातळातल्या अर्धवट नळीपेक्षा ती अधिक उपयोगी पडते. किंवा दोन-तीन नळ्या एकमेकींपासून निदान एका नळीच्या लांबीइतक्या, जमल्यास दुपटीने, दूर पुरून जोडाव्यात. शेजारी-शेजारी पुरल्या तर फायदा फारसा मिळत नाही.

कोळसा आणि मीठ भरण्याची पद्धत जुनी आहे. पण आपल्या पावसात मीठ वाहून जाते आणि जाताना नळीही खाते. आधीच समुद्राचे वारे. त्याऐवजी बेंटोनाइटची माती ओल धरून ठेवते. पिण्याच्या विहिरीजवळ तर मीठ घालूच नये. वरचा जोड चेंबरमध्ये उघडता येईल असा ठेवावा. बहुतेक अर्थिंग जमिनीखाली नव्हे, तर वरच्या गंजलेल्या नटापाशी तुटलेले असते.

तपासणी मेमध्ये करावी. ऑगस्टमधली तपासणी म्हणजे ईदच्या दिवशी गल्ला मोजून वर्षाचा नफा ठरवण्यासारखे. तपासणीसाठी अर्थ टेस्टर हे यंत्र लागते. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून "पेटला म्हणजे झाले" असे म्हणणे चूक आहे. शंभर वॅटच्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. ३५ ओहमच्या अर्थिंगवर तो लख्ख पेटेल आणि एम.सी.बी. मात्र पडणार नाही, हे वर पाहिलेच. शिवाय हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. घरच्यांनी तो करूच नये.

कायदा काय म्हणतो

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३३व्या नियमाने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा जिथे सुरू होतो तिथे, जमिनीशी जोडलेले टोक पुरवण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकली होती. अर्थ गळतीपासून रक्षण करणाऱ्या यंत्राची तरतूद पुढे ६१-अ या नियमाने आली. त्या नियमांची जागा २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी घेतली आणि २०२३ साली ते विनियम नव्याने आले. या ताज्या विनियमांत घरगुती जोडणीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअर अशी स्पष्ट घातलेली आहे. वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावे, ही अट तर जुनीच आहे. नवी जोडणी घेताना कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. तो कागद सहीपुरता मानू नये. त्यावर अर्थिंगचा आकडा लिहिला आहे का, ते विचारावे.

गिझरसाठी आय.एस.आय. चिन्ह २००३ च्या केंद्रीय आदेशाने सक्तीच्या यादीत आले. साठवणीच्या गिझरचे परिचित मानक आय.एस. २०८२. चिन्हाच्या वर मानकाचा आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. दोन्ही नसतील तर तो माल घेऊ नये.

आखातातून येणाऱ्या बांधवांना एक सूचना. दुबई, कुवेतकडून आणलेल्या उपकरणाला चौकोनी पिनांचा प्लग असतो आणि त्यात १३ अँपिअरचा फ्यूज असतो. इथे आल्यावर तो प्लग कापून गोल पिनांचा लावताना फ्यूजही जातो आणि पुष्कळदा अर्थची तारही कापलेलीच राहते. तिथल्या घरात अर्थिंग आणि गळतीचे यंत्र इमारतीबरोबरच मिळाले होते. ते बॅगेत भरून येत नाही.

मशिदी, शाळा आणि लॉज

घराएवढीच काळजी सार्वजनिक जागेत हवी. मशिदीच्या वजूखान्यात गिझर बसवणे ही चांगली सोय आहे, विशेषतः वृद्धांसाठी. पण तिथे माणसे अनवाणी, ओल्या फरशीवर, एकाच लोखंडी पाइपावरच्या नळांना हात लावून ओळीने बसलेली असतात. घरात एकाला बसणारा झटका तिथे रांगेला बसू शकतो. जमातीच्या विश्वस्तांनी गिझरची देणगी स्वीकारताना देणगीदाराला अर्थिंग, आर.सी.सी.बी. आणि पाइपांच्या बाँडिंगचा खर्चही सांगावा. त्या दानाचाच तो भाग आहे. वसतिगृहे, दवाखाने, मंगल कार्यालये आणि गणपतीपुळे रस्त्यावरच्या लॉजवाल्यांनाही हेच सांगणे आहे. पाहुण्याला जिवाचा धोका झाला तर त्या जागेचे नाव कायमचे जाते.

बादलीत सोडण्याच्या रॉडबद्दल दोनच शब्द. तो चालू असताना पाणी तापले का, हे बोट घालून पाहू नये. स्विच बंद करून, प्लग काढून, मगच बादलीला हात लावावा.

यात धंदा आहे

आता आमच्या दुकानदार बांधवांसाठी. गिझर विकताना "अर्थिंग आहे का? आर.सी.सी.बी. आहे का?" हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावा. गिऱ्हाईक बिचकेल अशी भीती वाटते, पण तसे होत नाही. एका घरापुरता आर.सी.सी.बी. साठवणीच्या साध्या गिझरपेक्षा स्वस्तच पडतो. गिझरसोबत तो, तीन-चार मीटर हिरवी तार आणि वायरमनचा पत्ता दिला तर विक्रीही वाढते आणि विश्वासही.

तरुणांसाठी तर हे मोकळे मैदान आहे. आय.टी.आय.मधले वीजतंत्री आणि तारतंत्री हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. परवाना काढून, एक अर्थ टेस्टर विकत घेऊन, दर मे महिन्यात घरोघरचे अर्थिंग तपासून लेखी आकडा देणारा कुणी आपल्या गावांत सहसा दिसत नाही. टाकी धुणारा आहे, ए.सी. दुरुस्त करणारा आहे, हा मात्र नाही. घरे बंद ठेवून मुंबईत किंवा आखातात राहणारे कितीतरी मालक अशा माणसाला वर्षाचा ठरावीक मोबदला आनंदाने देतील. भांडवल थोडे, काम इज्जतीचे आणि गरज दर घराला.

आमच्या घरी त्या दिवशी वायरमनने न्यूट्रलची गाठ तोडली. खांबाकडचा जोड वीज कंपनीच्या माणसाने नीट केला. माडाच्या आळ्याशेजारी नळी उतरली, चार हातांवर कातळ लागला, मग पट्टी आडवी केली. बोर्डात आर.सी.सी.बी. बसला. सगळे मिळून दोन दिवसांचे काम. अम्मा आता दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला आठवण करून देते, "बटण दाबलेस का?" आम्ही दाबतो. खट् आवाज होतो, घरातली वीज जाते, आणि आम्ही ती परत चालू करतो.

वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या बोर्डाकडे एकदा पाहा. त्यावर टेस्टचे बटण नसेल, तर नवा गिझर घेण्याआधी वायरमनला बोलवा.